पलंगाखालचा कारखाना

आमच्या माहेरी दाराची बेल वाजली की दोन गोष्टी एकदम होतात. आई आतून "कोण आहे?" म्हणून विचारते आणि वहिनी पायाने काहीतरी पलंगाखाली सारते. दार उघडेपर्यंत जो काही वेळ मिळतो तेवढ्यात बाहेरच्या खोलीतले कापडाचे तुकडे, फोमच्या गुंडाळ्या, चेनची वेटोळी, अर्धवट शिवलेली कव्हरं, सगळं गडप होतं. चादर जमिनीपर्यंत खाली ओढली जाते. दारात वहिनी हसतमुखाने उभी असते, जशी काही सकाळपासून खिडकीतून रस्ता बघण्यापलीकडे तिने काही केलेलंच नाही. ती चादर मुद्दाम मोठ्या मापाची घेतलेली आहे. पलंग आईचा. रात्री कूस बदलली की खालून फोम करकरतो, पण आई कधी कुरकुर करत नाही. गिटारींच्या कव्हरांवर झोपणारी या गावात तू एकटीच, असं मी तिला चिडवते.

वहिनी वाद्यांची कव्हरं शिवते. गिटार, व्हायोलिन, कीबोर्ड, जे येईल ते. मी तिची नणंद. दोन गल्ल्या सोडून राहते, दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते, आणि दुपारी सुटले की घरी जाण्याआधी आईकडे डोकावते. त्यामुळे त्या घरातलं काही माझ्यापासून लपून राहत नाही, आणि मला न विचारताही माझं मत तिथे पोचतं.

लग्नाआधी ती बॅगांच्या एका कारखान्यात होती. फोम कसा कापायचा, चेन कुठून सुरू करायची, पट्ट्याला दुहेरी टाका कुठे घालायचा, हे ती तिथून शिकून आली. आमच्याकडे आल्यावर बरीच वर्षं या शिक्षणाचा उपयोग उशांचे अभ्रे शिवण्यापुरता झाला. मग वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या गिटारचं कव्हर फाटलं आणि वहिनीने तिला नवं शिवून दिलं. ते त्या मुलीच्या मास्तरांनी बघितलं, मास्तरांकडून बाजारातल्या वाद्यांच्या दुकानदाराने बघितलं, आणि आता त्या दुकानात दुसऱ्या कोणाची कव्हरं ठेवतच नाहीत. गल्लीतल्या दोघी जणी तिच्याकडून काम घरी नेतात. एक पट्टे करते, दुसरी कडेची पायपिंग. पण हे सगळं चालतं चोरून दारू गाळावी तसं. पट्टेवाली पिशवीत घालून आणते, पिशवीत घालून नेते.

का, तर दादा.

माझा दादा वाईट माणूस नाही. कारखान्यात गोदाम सांभाळतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कारखान्याची एक पाळी बंद झाली तेव्हापासून त्याला अर्धे दिवस काम आणि अर्धा पगार. ही गोष्ट घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. कपाटात वरच्या बाजूला एक ड्रॉवर आहे, त्यात दादा पगार ठेवतो. दुकानदाराकडून पैसे आले की वहिनी ते त्याच ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवते, कधी ठेवले ते कोणाला सांगत नाही. महिन्याच्या सुरुवातीला दादा ड्रॉवर उघडतो आणि आईच्या हातात घरखर्चाचे पैसे देतो, पूर्वी द्यायचा तेवढेच. अर्ध्या पगारात पूर्ण खर्च कसा निघतो हे दादा विचारत नाही, आई विचारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणी विचारलंच, तर आई म्हणते की सुनेला शिवणाची आवड आहे, वेळ जातो तिचा.

आता घोडं कुठे अडलं ते सांगते. दुकानदाराकडे एक मोठं काम आलं. संगीताचे वर्ग चालवणारी एक संस्था आहे, तिच्या सगळ्या वर्गांना ड्रमची आणि कीबोर्डची जाड कव्हरं हवी होती. हे काम नीट झालं तर पुढे दरवर्षीचं काम तुमचंच, असं तो वहिनीला म्हणाला. वहिनीचं मशीन मात्र शर्ट-झगे शिवायचं. कॅनव्हास, फोम आणि आतलं अस्तर असे तीन थर त्याच्या पायाखाली गेले की ते कण्हायला लागतं, आणि कोपऱ्यावर पायपिंग आली की सुईच मोडते. गिटारचे कोपरे ती हाताने चाक फिरवून एकेक टाका घालत काढते. ड्रमच्या कव्हरांना ते जमणारच नव्हतं. जड शिलाईचं मशीन हवं होतं. बंद पडलेल्या एका कारखान्यातलं तसं मशीन एका विक्रेत्याकडे आलं होतं, ते तिने जाऊन बघितलं, त्यावर कॅनव्हासचा तुकडा चालवून बघितला, आणि तिथून आली ती दोन दिवस दुसरं काही बोललीच नाही. दुकानदार महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. त्यानंतर काम बाहेरच्या मोठ्या कारखान्याला.

बँकेच्या भिंतीवर महिला उद्योजकांसाठी विशेष कर्जाचं पोस्टर होतं. त्यावर एक बाई लॅपटॉप धरून हसत होती. ती कर्ज मिळाल्यामुळे हसत होती की फोटोचे पैसे मिळाल्यामुळे, देव जाणे. आम्ही दोघी गेलो. तिथे पहिला प्रश्न आला, घर कोणाच्या नावावर आहे? सासूबाईंच्या. तुमच्या नावावर काय आहे? वहिनीने माझ्याकडे बघितलं. तिच्या नावावर मोबाइल होता. मग जामीन कोण राहणार, मिस्टर काय करतात, दुकानदार पैसे रोख देतो की खात्यात? रोख. काउंटरवरची मुलगी चांगली होती. तिने अर्ज घेतला, जामीन म्हणून दादाचं नाव लिहिलं आणि सांगितलं की कागदांवर फार काही नाही, त्यामुळे आता सगळं पाहणीवर आहे. साहेब घरी येऊन काम बघतील, त्यांनी चांगलं लिहिलं तर होईल. कोणत्या दिवशी येणार तेही सांगितलं.

येणार म्हटल्यावर वहिनीला पसारा दिसायला लागला. बँकेचा माणूस घरी येणार, खोलीभर पसारा, तो काय म्हणेल? आदल्या दिवशी घरात जे काही झालं ते मी डोळ्यांनी बघितलं आणि हातांनी त्याला मदतही केली, कारण आम्हा तिघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पट्टेवालीला आणि पायपिंगवालीला सगळा माल घरी न्यायला लावला. तयार कव्हरं रिक्षात घालून दुकानात पोचवली. फोम पलंगाखाली. पुठ्ठ्याचे फर्मे, म्हणजे ज्यावरून कापड कापतात ते साचे, दारामागे टांगून त्यांच्यावर दादाचे शर्ट अडकवले. फरशी पुसली. मशीन बंद करून त्यावर आईने भरतकामाचा टेबलक्लॉथ घातला, आणि त्यावर फुलदाणी ठेवली.

साहेब आले. तरुण होता, गळ्यात टाय, जिना चढून घामाघूम. तो पलंगावर बसला. दादा समोरच्या खुर्चीत. टायवाल्याने सगळे प्रश्न दादालाच विचारले आणि दादाने सगळे वहिनीकडे ढकलले. काम कुठे चालतं? इथेच. टायवाल्याने खोलीभर नजर फिरवली. त्याची नजर फुलदाणीवर थांबली आणि पुढे गेली. किती काम असतं? वहिनी म्हणाली, "असंच, थोडंफार. घर सांभाळून." आमच्या आईसमोर, पाहुण्यांसमोर, माझ्या सासरच्या माणसांसमोर ती इतकी वर्षं हेच म्हणत आली होती. तोंडून तेच आलं. मग त्याने विचारलं की घरखर्च कोणाच्या पैशावर चालतो, आणि तिने दादाकडे न बघता सांगितलं, "ह्यांच्या पगारावर."

त्याने लिहून घेतलं. चहा प्यायला. घर छान ठेवलंय म्हणाला. तो गेल्यावर आमचा जीव भांड्यात पडला. आई म्हणाली, "किती नीट झालं. खोली कशी लखलखत होती."

काही दिवसांनी बँकेतून फोन आला. व्यवसाय चालू असल्याचं दिसून आलं नाही. अर्ज पुढे जाणार नाही.

वहिनी फोन ठेवून खाली बसली ती बसलीच. मग मला दवाखान्यात फोन केला आणि एवढंच म्हणाली, "ताई, त्यांना काम दिसलंच नाही." मी मनातल्या मनात त्या टायवाल्याला बऱ्याच शिव्या दिल्या. संध्याकाळपर्यंत मात्र मला माझंच हसू यायला लागलं, आणि त्या हसण्याला काही चव नव्हती. ताकाला जाऊन भांडं लपवणं ऐकलं होतं. आम्ही भांडं लपवलं, वर त्यावर फुलदाणी ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो. टायवाला त्याच्या टेबलाशी होता. मी तावातावाने बोलायला लागले, तर त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी जे बघितलं ते लिहिलं, म्हणाला. बंद मशीन, रिकामी खोली, आणि मॅडम स्वतःच थोडंफार म्हणाल्या. थोड्याफार कामासाठी एवढं मोठं मशीन कशाला लागतं, हे मी माझ्या साहेबांना कसं पटवू? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. शेवटी तो म्हणाला, महिना संपायच्या आत एकदा परत येऊन जाईन. पण दिवस सांगणार नाही. आणि दुपारी येईन, मिस्टर घरी असताना, कारण जामीन त्यांचा आहे.

मग सुरू झालं वाट बघणं. असले दिवस त्या घरात पूर्वी कधी मी बघितले नाहीत.

आता काही आवरायचं नाही, असं ठरलं. दिवस कोणता ते माहीत नाही, म्हणजे रोज कारखाना उघडा ठेवायचा. फोमच्या गुंडाळ्या भिंतीशी उभ्या, फर्मे दारावर उघडे, कव्हरं पलंगावर, खुर्चीवर, जेवणाच्या टेबलावर. आई स्वतःच्याच घरात परक्या माणसासारखी कडेकडेने चालायला लागली. कोणी येईल, कोणी येईल, हा तिचा जप. एकदा शेजारच्या काकू आल्याच. त्यांनी दारातूनच "अगंबाई, गोदाम का काढलंय?" म्हणून विचारलं, आणि आईचा चेहरा असा झाला की त्या बसल्याही नाहीत. दादा जेवायला आला की ताट हातात घेऊन आतल्या खोलीत जायचा. बाहेरच्या खोलीत बसायला जागा नव्हती हे खरं. पण बसायचं नव्हतं हेही खरं. तो कव्हरांकडे बघायचाच नाही. त्यांच्यावरून पाय टाकून जायचा, तोसुद्धा इतक्या जपून की एकाही टाक्याला धक्का लागू नये.

वहिनीचे हात शिवशिवायचे. इतकी वर्षं संध्याकाळ झाली की ती आवरायची. आता संध्याकाळ व्हायची आणि ती नुसती उभी राहायची. जिन्यावर कोणाची पावलं वाजली की तिचं मशीन थांबायचं. गिटारचे कोपरे चुकायला लागले. एक कव्हर तर तिने उलट्या बाजूने शिवलं. तयार माल दुकानात पोचवायलाही ती जाईना, आपण बाहेर गेलो आणि तेवढ्यात तो आला तर? दुकानदाराचा फोन आला की ती "होतंय, होतंय" म्हणायची. तो विचारायचा, मशीन आलं का? मशीनच्या विक्रेत्याचा फोन आला की तोही विचारायचा, पैशांचं झालं का? दुसरं गिऱ्हाईक बघून गेलंय म्हणायचा. हे दुसरं गिऱ्हाईक जगातल्या प्रत्येक विक्रेत्याकडे असतंच, असं मी तिला समजावलं. तिला ते पटलं नाही. तिची झोप गेलेली डोळ्यांवरून दिसत होती.

महिना संपत आला तेव्हा एका दुपारी ती मला सोडायला जिन्यापर्यंत आली. सहसा येत नाही. वरच्याच पायरीवर बसली आणि बोटावरचा सुई लागल्याचा डाग चोळत राहिली.

"ताई, त्यांनी परत तेच विचारलं तर?"

"काय?"

"घर कोणाच्या पैशावर चालतं."

मी म्हटलं, "खरं काय ते सांग."

"ह्यांच्या समोर?"

इतके दिवस मी समजत होते की तिला टायवाल्याची भीती वाटते. तो येईल की नाही, कधी येईल, काय लिहील. तिला भीती दादाच्या चेहऱ्याची होती. खोटं सांगितलं तर मशीन जाणार, काम जाणार, आणि पट्टेवाली-पायपिंगवालीचंही जाणार. खरं सांगितलं तर एका परक्या माणसासमोर नवऱ्याची मूठ उघडी पडणार. आणि ती मूठ इतकी वर्षं तिनेच स्वतःच्या हाताने मिटून धरली होती. "एकदा बोलले की परत झाकता येणार नाही," ती म्हणाली. मला रडू आलं, म्हणून मी तिला रागावले. उगाच काहीतरी बोलत बसू नकोस, आत जा, तो आत्ता आला तर, असं म्हणून मी निघून आले.

तो आला त्या दिवशी मी तिथेच होते. दादा आतल्या खोलीत आडवा झालेला. वहिनी मशीनवर, आई पलंगावर बसून पट्ट्यांना बक्कलं ओवत होती. हे नवीनच होतं. पसाऱ्यात बसायचंच आहे तर हात तरी का रिकामा ठेवा, म्हणून तिने आदल्या आठवड्यापासून ते सुरू केलं होतं. बेल वाजली. वहिनी उठून दाराकडे गेली, आणि मी मागे वळून बघते तर आईने दोन्ही हातांनी पलंगावरची कव्हरं खाली लोटली होती, पायाने आत सारली होती, आणि चादर खाली ओढली होती. हे सगळं तिला कळायच्याही आत झालं असावं. माझ्याकडे बघून तिने तोंडावर हात ठेवला. तोवर दारात टाय दिसला.

खोली निम्मी आवरलेली. मशीनवर एक कव्हर, भिंतीशी फोम, बाकी चादर ताठ. टायवाला येऊन पलंगावर बसला, म्हणजे नेमका सगळ्या मालाच्या वर. दादा शर्टाची बटणं लावत बाहेर आला. मी आईच्या शेजारी उभी राहिले. त्याने मागचा कागद काढला आणि एकेक प्रश्न वाचायला लागला. मशीन किती जुनं, माल कोण नेतं, मदतीला कोण आहे. वहिनी उत्तरं देत होती, पण आवाज इतका बारीक की त्याला प्रत्येक वेळी "काय म्हणालात?" विचारावं लागत होतं. मग त्याने बोट कागदावर खाली सरकवलं.

"घरखर्च मिस्टरांच्या पगारावर. बरोबर?"

तिने दादाकडे बघितलं. दादा खिडकीकडे बघत होता. मला वाटलं, ही आता हो म्हणणार. तिचे ओठ तसे हलले. मग तिने हात मशीनच्या चाकावर ठेवला, जसा कोपऱ्यावर सुई मोडू नये म्हणून ठेवते तसा, आणि म्हणाली, "नाही. माझ्या कामावर."

टायवाल्याचं पेन थांबलं. "पण मागच्या वेळी तुम्ही..."

"मागच्या वेळी मी खोटं बोलले."

दादा उठला आणि आत गेला. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. आणि टायवाला, त्या बिचाऱ्याचाही इलाज नव्हता, तो म्हणाला की मॅडम, अर्ज नाकारला गेल्यावर सगळेच असं म्हणतात. मागच्या वेळी थोडंफार, आता सगळं घर. मी कशावरून धरू? त्याने खोलीकडे हात केला. निम्मी आवरलेली ती खोली त्याच्या बाजूने साक्ष देत होती. एका कव्हरावर कोणाचं घर चालतं? जन्मभर लपवलेली गोष्ट आता खरी सांगितली तर तीच खोटी वाटत होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई उठली.

"उठा जरा," ती टायवाल्याला म्हणाली.

तो गोंधळून उठला. आईने चादर वर टाकली, गुडघ्यावर बसली, आणि पलंगाखाली हात घातला. पहिलं गिटारचं कव्हर आलं, मग दुसरं. मग व्हायोलिनची, एकात एक घातलेली. मग चेनची वेटोळी, पट्ट्यांचे जुडगे, अस्तराचे ठाण, फोमचे तुकडे ठासून भरलेली पोती. तिचं वय झालंय, वाकून तिला धाप लागली, पण मी पुढे झाले तर तिने मला कोपराने बाजूला केलं. टायवाला हळूहळू दारापर्यंत सरकला, कारण पाय ठेवायला जागा राहिली नव्हती. अगदी भिंतीला लागून होतं तेही तिने ओढून काढलं, जुनी, धूळ बसलेली पहिल्या वर्षांची कव्हरं, नमुने म्हणून ठेवलेली, त्यांतलं एक वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या गिटारच्या मापाचं.

"हिनं नाही लपवलं," आई जमिनीवर बसूनच म्हणाली. "मी लपवायला लावलं. लोक काय म्हणतील म्हणून. लोकांनी कधी किराणा भरला नाही आमचा."

आतला नळ बंद झाला. दादा दारात येऊन उभा राहिला, तोंड धुतलेलं, शर्टाची कॉलर ओली. त्या ढिगाकडे तो बराच वेळ बघत राहिला. इतके दिवस पाय टाकून ओलांडलेलं सगळं तो पहिल्यांदा बघत होता असं मला वाटलं. मग टायवाल्याला म्हणाला, "मला अर्धा पगार आहे. पाळी बंद झाल्यापासून. बाकीचं ही बघते." आवाज नेहमीसारखा होता, फक्त 'ही' म्हणताना त्याने वहिनीकडे बघितलं. "कुठे सही करायची ती सांगा."

टायवाल्याने उभ्याउभ्याच लिहिलं, भिंतीला कागद टेकवून. जाताना चहाला नको म्हणाला, आणि काय होईल ते सांगता येणार नाही, हेही म्हणाला. निर्णय त्याच्या हातात नव्हता. त्यामुळे पुढचे दिवसही आम्ही जीव मुठीत धरूनच काढले. महिना संपला. दुकानदाराकडे वहिनीने आणखी थोडे दिवस मागून घेतले, तेही हातापाया पडून. त्याच सुमारास मी एका सकाळी तिथे होते, आणि दादाने ड्रॉवर उघडला. नेहमीप्रमाणे आई हात पुसत येऊन उभी राहिली. दादाने पैसे काढले, पण आईला दिले नाहीत. वहिनीच्या हातात दिले आणि म्हणाला, "तूच दे." वहिनी तिथेच उभी, पैसे घेऊन. आईनेच शेवटी तिच्या हातातून घेतले.

कर्ज मंजूर झालं, मागितलं त्यापेक्षा कमी. उरलेल्यासाठी मशीनच्या विक्रेत्याने हप्ते बांधून दिले. त्याचं ते दुसरं गिऱ्हाईक कुठे गेलं ते मी विचारलं नाही.

मशीन आणायला चार हमाल लागले. लोखंडी पायांचं, दाराएवढं रुंद, ते बाहेरच्या खोलीत ठेवल्यावर तिथे दुसरं काही ठेवता येईना. खुर्च्या आत गेल्या. ड्रमचं पहिलं कव्हर वहिनीने त्यावर चढवलं, चार थर, कोपऱ्यावर पायपिंग, आणि सुई सरळ आरपार गेली. ती थांबली आणि परत तोच कोपरा शिवला, उगाचच.

वहिनीची काळजी काही संपली नाही. आता तिला बँकेच्या हप्त्याची तारीख झोपू देत नाही. परवा मी तिथे बसले होते, वहिनी शिवत होती, आई बक्कलं ओवत होती, आणि बेल वाजली. दोघींचे हात एकदम थांबले. वहिनीने मांडीवरचं कव्हर उचललं, आईने पाय पुढे केला. मग दोघींनी त्या मशीनकडे बघितलं. ते कोणत्याही पलंगाखाली मावणारं नव्हतं.

आई उठली, अंगावर चिकटलेले दोरे तसेच ठेवून दाराशी गेली. शेजारच्या काकू होत्या. आई म्हणाली, "या, कडेने या जरा. सुनेचा कारखाना आहे."